कॅसेटीतलं कुलूप आणि खारा वारा

डहाणूहून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की आगरनंतर नरपड येतं. एका अंगाला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर काळ्या प्लास्टिकच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, सत्यनारायणाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या. त्या चालवणारं यंत्र घरात उरलेलं नाही. डीव्हीडी करून घ्यावी म्हणून कुणी कॅसेट स्टुडिओत नेतो, तर कधीकधी उत्तर मिळतं, ‘ही प्रोटेक्टेड आहे, कॉपी होत नाही.’

घरच्या हळदीच्या कॅसेटला कुलूप लावलं कुणी? या प्रश्नाचं उत्तर शोधताना यंत्रविद्या, कायदा, बाजार आणि आपल्या किनाऱ्यावरची हवा या चारही गोष्टींपाशी थांबावं लागतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. कुलपाची धास्ती आपण गरजेपेक्षा जास्त घेतली आहे आणि हवेची फार कमी. बहुतेक घरगुती कॅसेटींवर कुलूप नसतंच. ज्यांच्यावर आहे, त्यांची फीत कुलपामागच्या हक्काची मुदत संपेपर्यंत टिकणार नाही.

व्हिडिओची वर्षं, डहाणूची वर्षं

सोनीची बीटामॅक्स १९७५ साली आली आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ साली. पुढच्या दहा-बारा वर्षांत व्हीएचएसने बाजार जिंकला. आपल्याकडे १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि मागोमाग व्हीसीआर. गावात एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत ओळीने सिनेमे बघायचे, ही त्या काळाची रीत. त्या भाड्याच्या कॅसेटींवर पडद्याच्या तळाशी जाहिराती सरकत असत, त्या अजून अनेकांना आठवत असतील. मग खांद्यावर कॅमेरा आणि हातात प्रखर दिवा घेतलेला शूटिंगवाला लग्नात दिसू लागला. सीडी, डीव्हीडी आणि शेवटी मोबाइल आला तेव्हा हे युग संपलं. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही अखेरची मोठी कंपनी. तिनेही जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं.

डहाणू आणि शेजारच्या तलासरीसाठी ही वर्षं साधी नव्हती. कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ १९९२पर्यंत कार्यरत होत्या. गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे वारली चित्रकला कागदावर आणि कापडावर उतरवत होते. जून १९९१मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. १९९०च्या दशकात औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं, १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि १९९८मध्ये त्या प्राधिकरणाने प्रस्तावित वाढवण बंदराला नकार दिला. तेच बंदर २०२४मधल्या केंद्राच्या मंजुरीनंतर आता उभं राहू लागलं आहे.

म्हणजे हा किनारा बंदराआधी कसा होता, होड्या कुठे ओढल्या जात, सुरूची रांग कुठवर होती, याचं हलतं चित्रण आज असेलच तर ते याच काळ्या डब्यांत असेल, आणि तेही बहुधा कुणाच्या लग्नाच्या वरातीमागे सहज टिपलं गेलेलं. वारली आदिवासींच्या लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाते, सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. त्या पिढीतल्या अनेकजणी आता नाहीत. एखाद्या पाड्यावरच्या लग्नाच्या कॅसेटीत त्यांचा आवाज असेल, तर ती कॅसेट त्या कुटुंबापुरती राहत नाही. म्हणून हा प्रश्न मला घरगुती हौसेचा वाटत नाही.

फीत कशी मरते

व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि तो थर एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. पॉलिस्टर टिकाऊ आहे. कमजोर दुवा म्हणजे ते चिकट द्रव्य. ते हवेतली ओल शोषतं, हळूहळू विघटन पावतं, आणि मग फीत यंत्रात चिकटू लागते, किंचाळते, थर सोडते. अशी फीत चालवली की व्हीसीआरच्या डोक्यावर, म्हणजे फीत वाचणाऱ्या हेडवर, काळपट कीट बसतं आणि पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात.

दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आतल्या गुंडाळ्यांवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी समजावी. संग्रहशास्त्राची शिफारस थंड आणि कोरड्या खोलीची असते. नरपडच्या घरात चार महिने पाऊस, आठ महिने समुद्राचा दमट वारा आणि त्यात मीठ. फितीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट हवा शोधून सापडणार नाही. तिसरा घाव चुंबकत्वाचा. तो वर्षांगणिक किंचित उतरतो, पण पहिल्या दोन शत्रूंच्या तुलनेत तो सौम्य म्हणावा लागेल.

त्यात आणखी एक अडचण. शूटिंगवाल्याने मूळ फितीवर चित्रण केलं, मिक्सिंग करून गाणी टाकली आणि घरच्यांना दिली ती प्रत. मूळ फीत बहुधा पुढच्या लग्नात पुन्हा वापरली गेली. आपल्या हातात आहे ती आधीच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची नक्कल आणि तीच आता एकमेव.

युनेस्को आणि ध्वनी व दृकश्राव्य संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी काही वर्षांपूर्वी चुंबकीय फितींबद्दल जगाला सावधगिरीचा इशारा दिला. त्यात वर्ष सांगितलं होतं २०२५. त्यानंतर यंत्रं, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात यांची वानवा इतकी होईल की मोठ्या प्रमाणावर रूपांतर शक्य राहणार नाही, असा त्याचा आशय होता. ते वर्ष उलटून गेलं आहे.

कुलूप म्हणजे नेमकं काय

आता कुलपाकडे. कॅसेटीवरून कॅसेट उतरवणं थांबवण्यासाठी हॉलिवूडने जी युक्ती स्वीकारली तिचं नाव मॅक्रोव्हिजन. ती बनवणारी याच नावाची कंपनी १९८३ साली स्थापन झाली आणि १९८४च्या ‘द कॉटन क्लब’ या चित्रपटाच्या कॅसेटीवर ही युक्ती पहिल्यांदा बाजारात आली.

तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात, पण डोळ्यांना दिसतात त्या ५७६. उरलेल्या रेषा दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या वेळात जातात. मॅक्रोव्हिजनने या न दिसणाऱ्या रेषांमध्ये खोटे स्पंद पेरले, काही अतिशय तेजस्वी. रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरमध्ये येणाऱ्या संकेताची ताकद मोजून ती आपोआप कमी-जास्त करणारं मंडल असतं. डोळ्यावर अचानक बॅटरी मारली की बाहुली आकसते आणि समोरचं सगळं काळोखं दिसतं, तसं त्या मंडलाचं होतं. खोट्या तेजाला भुलून ते खरं चित्र दाबून टाकतं. स्पंदांची उंची सतत बदलत असल्याने नक्कल केलेली कॅसेट एकदा अंधारी होते, एकदा उजळते, रंग वाहतात. टीव्हीचं मंडल वेगळ्या धाटणीचं, त्यामुळे मूळ कॅसेट बघताना काहीच जाणवत नाही.

यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. चित्र स्वतः बदललेलं नसतं, कुठे सांकेतिक लिपीत दडवलेलंही नसतं. ते फितीवर पूर्ण आणि उघडं असतं. फक्त नक्कल करणाऱ्या यंत्राला फसवण्याची सोय शेजारी केलेली असते. पुढे डीव्हीडीवर खरीखुरी सांकेतिक कुलपं आली, प्रदेशांचे आकडे आले. भारत पाचव्या प्रदेशात, अमेरिका पहिल्या. कॅसेटीचं कुलूप त्यापेक्षा फार साधं.

१९९८च्या अमेरिकी कायद्याने तर तिथे विकल्या जाणाऱ्या व्हीसीआरमध्ये या युक्तीला बळी पडणारं मंडल असायलाच हवं अशी सक्ती केली. नंतरच्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये आणि संगणकाला जोडायच्या कॅप्चर यंत्रांमध्ये हे स्पंद ओळखून नक्कल नाकारण्याची सोय आतूनच बसवलेली आली. ती जगभर विकली गेली, डहाणूच्या स्टुडिओतही पोचली.

खोटं कुलूप

आणि इथेच हळदीच्या कॅसेटीचं कोडं सुटतं. जुनी, ताणलेली, दमट हवेत राहिलेली फीत चालताना रेषांची वेळ चुकते. चित्राच्या तळाशी, जिथे फिरत्या डोक्यांची अदलाबदल होते, तिथला गोंधळ वाढतो आणि न दिसणाऱ्या रेषांमध्ये शिरतो. कॅप्चर यंत्र त्या गोंधळाला मॅक्रोव्हिजनचे स्पंद समजतं आणि काम थांबवतं. ‘प्रोटेक्टेड’ अशी पाटी येते. संरक्षण कुणी लावलेलंच नसतं. फितीच्या म्हातारपणाला यंत्र कुलूप म्हणत असतं.

याचा परिणाम वाईट होतो. स्टुडिओवाला प्रामाणिकपणे सांगतो की होत नाही. घरचे कॅसेट परत आणतात, पुन्हा फळीवर ठेवतात आणि आणखी चार पावसाळे जातात. जी कॅसेट सर्वांत खराब, जिला सर्वांत आधी वाचवायला हवं, तिलाच हे खोटं कुलूप लागण्याची शक्यता सर्वांत जास्त.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, स्टुडिओच्या बोलीत टीबीसी. टीव्ही केंद्रांतलं हे जुनं, रीतसर उपकरण. ते येणारं चित्र स्मृतीत धरतं, प्रत्येक रेषेची वेळ सरळ करतं आणि नव्या, स्वच्छ स्पंदांसह पुढे पाठवतं. थरथरणारं चित्र स्थिर होतं आणि खोटं कुलूप आपोआप निघतं. खरं मॅक्रोव्हिजन असेल तर तेही याच ओघात गळून पडतं, कारण न दिसणाऱ्या रेषा नव्याने लिहिल्या जातात. म्हणजे दुरुस्तीचं उपकरण आणि कुलूप काढणारं उपकरण एकच. म्हणूनच कायदा काय म्हणतो हे नीट पाहायला हवं.

कायदा

आपला प्रतिलिप्यधिकार कायदा १९५७चा. व्हिडिओ चोरीला आळा घालण्यासाठी १९८४ साली त्यात दुरुस्त्या झाल्या आणि शिक्षा कडक झाल्या. तांत्रिक कुलपांबद्दलचं कलम ६५अ २०१२च्या दुरुस्तीने आलं. ते म्हणतं, या कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कुणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने मोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला हेतू हा शब्द निर्णायक आहे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी तो उपाय ओलांडणं याच कलमात वेगळं काढलेलं आहे. अमेरिकेच्या कायद्यात ही हेतूची अट अशा रीतीने नाही. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना लागू होणारा नियम आणि नरपडमध्ये लागू होणारा नियम एकच समजू नये.

मग कॅसेटींचे तीन गट पडतात.

पहिला गट घरच्या समारंभांचा. कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी छायाचित्र किंवा चित्रण करवून घेतलं आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक करवून घेणारा. आपल्या लग्नाच्या कॅसेटीचा हक्क शूटिंगवाल्याकडे नसून आपल्याकडे आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मिक्सिंगमध्ये घातलेल्या सिनेमाच्या गाण्यांचे हक्क मात्र संगीत कंपन्यांचे. घरी बघायला त्याने काही अडत नाही. यूट्यूबवर टाकलं की आवाज बंद होऊ शकतो, तेव्हा मूळ आवाजाची फाइल घरी जपलेली बरी.

दुसरा गट विकत घेतलेल्या सिनेमांचा आणि नाटकांचा. कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं. ही मोकळीक पूर्वी सिनेमांना नव्हती, २०१२नंतर ती संगणक प्रोग्राम सोडून कोणत्याही कृतीला लागू झाली. स्वतः विकत घेतलेली, मोडकळीला आलेली कॅसेट घरात बघण्यासाठी उतरवणं आणि तिच्या पन्नास प्रती बाजारात विकणं यांत कायदाच फरक करतो. दुसरी गोष्ट गुन्हा आहे आणि राहायला हवी.

तिसरा गट संस्थांचा. याच कलम ५२मध्ये अशी तरतूद आहे की अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय स्वतःजवळ असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू शकतं. या तरतुदीकडे आपल्या ग्रंथालयांचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

स्टुडिओवाल्यांसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. कायदेशीर कामासाठी दुसऱ्याला कुलूप ओलांडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कामाचं कारण नोंदवून ठेवावं, असं कलम ६५अ सांगतं. एक वही ठेवली की काम उजळ माथ्याने करता येतं.

यातली विसंगती मात्र डोळ्यांआड करता येत नाही. सिनेमाचा प्रतिलिप्यधिकार प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९९० साली आलेल्या सिनेमाचा हक्क २०५०च्या अखेरीपर्यंत. तितकी वर्षं किनाऱ्यावरची फीत जगणार नाही. मोठ्या सिनेमांची काळजी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन घेते. पण जे छोटं नाटक, जो स्थानिक तमाशा किंवा कीर्तन एखाद्या लहान कंपनीने कॅसेटीवर काढलं आणि ती कंपनीच बंद झाली, त्याला वाली कोण? हक्क कागदावर जिवंत आणि कृती फितीवर मेलेली, अशी स्थिती होणार आहे. जतनासाठीची मोकळीक याहून स्पष्ट आणि रुंद असायला हवी.

काम करताना

व्हीसीआर चांगला मिळवणं हे अर्धं काम. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर आणि चोर बाजारात जुनी यंत्रं अजून सापडतात. डहाणू रोडहून ग्रँट रोडला रेल्वेने जाता येतं. यंत्र घेताना आपली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट सोबत न्यावी आणि चालवून बघावं. डोकी स्वच्छ करून घ्यावीत.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. खिडकीतून बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवूच नये. तिचे कण डोक्यांवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जातात. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसोबत ठेवून जाणकाराकडे द्याव्यात. चांगल्या कॅसेटी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळाव्यात, म्हणजे ताण सारखा होतो. या सगळ्यासाठी आपल्याकडे दिवाळीनंतरचे, त्यातल्या त्यात कोरडे महिने सर्वांत चांगले.

व्हीसीआर, मग टीबीसी, मग कॅप्चर यंत्र, मग संगणक, असा क्रम. स्वतंत्र टीबीसी महाग आणि दुर्मीळ असतो. काही चांगल्या एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच असतो, आणि काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले तरी चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं. चित्र ७२० बाय ५७६ या आकारात, सेकंदाला २५ चौकटी, आणि मूळच्या सम-विषम रेषा तशाच ठेवून घ्यावं. सुंदर करण्याचे उद्योग प्रतीवर करावेत, मूळ फाइलवर कधीच नाही. परदेशातून आलेल्या काही कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतील, ५२५ रेषांच्या. त्या पालमध्ये जबरदस्तीने बसवू नयेत, आहेत तशा घ्याव्यात. आणि यात वेळ वाचवता येत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास लागतातच.

डिस्क की फाइल

लोक अजूनही ‘डीव्हीडी करून द्या’ म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी ते बरोबर होतं. आज मी डिस्क शेवटचं घर मानणार नाही. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते. तो थर ऊन आणि उष्णतेने उतरतो, दमट हवेत त्यामागचा चकाकता थरही बिघडतो. फितीची जी हवा वैरी, तीच डिस्कचीही. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये दोन तास बसवायचे तर चित्र बरंच दाबावं लागतं. डीव्ही पद्धतीची फाइल तासाला साधारण १३ जीबी घेते, दाबूनही काही न गमावणाऱ्या पद्धती त्याहून जास्त. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची जागाही नसते.

म्हणून मूळ फाइल हार्ड डिस्कवर, तिची दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी नरपडबाहेर, विरार-बोरिवलीच्या किंवा परगावच्या नातेवाइकाकडे. आजीला बघायला डीव्हीडी द्यावी, पेन ड्राइव्ह द्यावा, पण ती बघायची प्रत. फाइलीच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग आणि माणसं लिहावीत. नाव नसलेली फाइल वीस वर्षांनी निनावी कॅसेटीइतकीच मुकी होते. आणि रूपांतर झाल्यावर कॅसेट फेकू नये. उद्या याहून चांगलं यंत्र मिळू शकेल.

गावाचं काम

एका घराने टीबीसी विकत घ्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. चार कॅसेटींसाठी तो परवडत नाही. पण तालुक्याला परवडतो. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली गावोगावी अनुदानित ग्रंथालयं आहेत. डहाणू आणि तलासरीत अशा एखाद्या ग्रंथालयात एक दुरुस्त व्हीसीआर, एक टीबीसी, एक संगणक आणि शिकवलेला एक तरुण इतकं उभं करणं अशक्य नाही. घरच्यांनी कॅसेट आणावी, आपली फाइल घेऊन जावी, आणि हरकत नसेल तर एक प्रत ग्रंथालयात ठेवावी.

याला मुंबईत एक नमुना आहे. २००८ साली कॅम्प, मजलिस, ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि इतर संस्थांनी मिळून पॅड डॉट एमए हा व्हिडिओ संग्रह सुरू केला. तिथे तयार माहितीपटांपेक्षा त्यांच्यासाठी केलेलं कच्चं चित्रण जपलेलं आहे, आणि ते शोधता, वाचता, अभ्यासता येतं. आपल्या लग्नाच्या कॅसेटीही एका अर्थी या प्रदेशाचं कच्चं चित्रणच आहेत.

मात्र जपणं आणि सर्वांपुढे मांडणं यांत अंतर ठेवायला हवं. कॅसेटीचा मालक एक असतो, आणि तिच्यात दिसणारी, गाणारी माणसं दुसरी. धवलेरीचं गाणं इंटरनेटवर टाकायचं तर तिच्या घरच्यांना, पाड्याला विचारायला हवं. गाणाऱ्याचे, नाचणाऱ्याचे हक्क आपला कायदाही मान्य करतो. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ती चित्रं न विचारता छापली गेली. आवाजांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये.

हे काम सुरू करायचं तर क्रमही ठरवायला हवा. आधी ज्यांतली माणसं आता नाहीत त्या कॅसेटी, मग ज्यांत हा किनारा, हे पाडे, ही गाणी आहेत त्या, आणि विकत घेतलेले सिनेमे सर्वांत शेवटी, कारण त्यांच्या प्रती इतरत्र सापडण्याची शक्यता असते. कुलपाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो या शेवटच्या गटात, आणि तोवर पहिल्या दोन गटांतलं बरंचसं काम होऊन गेलेलं असेल. डहाणू आणि तलासरीच्या ग्रंथालयांनी येत्या दिवाळीनंतर आपापल्या गावात विचारपूस सुरू करावी: कुणाकडे काय आहे आणि कोणत्या वर्षाचं. ती यादी करायला यंत्र लागत नाही, परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.